सायलेन्सरचा आवाज, कायद्याचे मौन

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील नागरिकांच्या तक्रारींची यादी लांब आहे. खड्डे, पाणीटंचाई आणि लोकलमधील गर्दी या तक्रारी आता जुन्या झाल्या. अलीकडच्या काळात त्यांत आणखी एका तक्रारीची भर पडली असून ती प्रामुख्याने रात्री ऐकू येते. मोटारसायकलला कारखान्यात बसविलेला सायलेन्सर काढून टाकावयाचा, त्याच्या जागी बाजारात मिळणारी जवळजवळ पोकळ नळी बसवावयाची आणि रहदारी ओसरली की घोडबंदर रस्ता, उपवन तलावाचा परिसर अथवा ठाकुर्लीचा नव्वद फुटी रस्ता दणाणून सोडावयाचा, हा काही तरुणांचा छंद बनला आहे. अशा नळीला बोली भाषेत 'मॉडिफाइड' आणि छापील मराठीत 'सुधारित' सायलेन्सर म्हणतात. 'सुधारक' काढणाऱ्या आगरकरांच्या महाराष्ट्रात सुधारणा या शब्दाची इतकी अवनती क्वचितच झाली असेल.

हा छंद पोरकटपणाचा म्हणून सोडून देण्याजोगा आहे काय, हे ठरविण्यापूर्वी सायलेन्सर नेमके काय करतो ते पाहावयास हवे. इंजिनातील प्रत्येक स्फोटानंतर तप्त वायू मोठ्या दाबाने बाहेर पडतात. सायलेन्सरमधील कप्पे आणि छिद्रे पाडलेल्या नळ्या या दाबाच्या लाटांना परतवून परस्परांवर आदळवितात व त्यांचा जोर मोडतात; काही सायलेन्सरांत काचतंतूंचे अस्तर उरलेला आवाज शोषून घेते. ही रचना काढून टाकली की इंजिनातील स्फोट जसाच्या तसा रस्त्यावर येतो. चालत्या गाडीचे इग्निशन क्षणभर बंद करून पुन्हा सुरू केले, तर न जळलेले इंधन तापलेल्या नळीत पेट घेते आणि ज्याला ही मंडळी अभिमानाने 'फटाका' म्हणतात तो बार उडतो.

अशाने गाडीची ताकद वाढते, असा एक गोड समज आहे. शर्यतीच्या गाडीत संपूर्ण इंजिनच त्या हिशेबाने जुळविलेले असते, तेथे तो काही अंशी खरा असेल. घरून कचेरीत जाण्याच्या गाडीला नुसती नळी बदलून मिळतो तो मुख्यतः आवाज. शिवाय १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानके लागू झाल्यानंतर विकल्या गेलेल्या मोटारसायकलींत विषारी वायूंवर प्रक्रिया करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि प्राणवायूचे प्रमाण मोजणारा सेन्सर हे धूर बाहेर नेणाऱ्या मार्गातच बसविलेले असतात. नळीबरोबर कन्व्हर्टरही गेला, तर कार्बन मोनॉक्साइड व अर्धवट जळलेले हायड्रोकार्बन थेट हवेत मिसळतात. म्हणजे कानांबरोबर फुप्फुसांनाही शिक्षा! बुलेटच्या परंपरेचा दाखला देणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९५५ पासून मद्रासेत जुळविल्या जाऊ लागलेल्या या गाडीचा भारदस्त ठोका संथपणे फिरणाऱ्या मोठ्या एकेरी सिलिंडरचा होता, आणि तो सायलेन्सरसह ऐकू येत असे.

आवाजाचा हिशेब पैशाच्या हिशेबासारखा सरळ नसतो. डेसिबेलची मोजणी दहाने वाढली की ध्वनीची ऊर्जा दसपट होते. आपल्या देशात नव्या मोटारसायकलीची चाचणी साडेसात मीटर अंतरावरून होते व तिच्यासाठी ८० ते १७५ सीसी इंजिनाला ७७ आणि त्याहून मोठ्याला ८० डेसिबेल ही मर्यादा आहे. म्हणजे ९० डेसिबेलचा आवाज करणारी मोठी गाडी मर्यादेच्या दसपट ध्वनिऊर्जा बाहेर फेकते. दुसरीकडे, ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबेल ही सरासरी मर्यादा ठरलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी सुचविलेली रात्रीच्या रहदारीच्या आवाजाची मर्यादाही हीच आहे.

पॅरिस परिसरातील ध्वनिमापन करणाऱ्या ब्रुइपारिफ या संस्थेचा अंदाज असा, की अशी फेरफार केलेली एकच स्कूटर रात्री शहरातून आरपार गेली तर दहा हजारांहून अधिक लोकांची झोप मोडू शकते. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. रस्त्याला खेटून उभ्या असलेल्या इमारती, त्यांच्यात घुमणारा प्रतिध्वनी आणि उकाड्यामुळे उघड्या ठेवलेल्या खिडक्या लक्षात घेता आपल्याकडील हिशेब पॅरिसपेक्षा सौम्य निघण्याचे कारण नाही. येथील चाकरमानी पहाटेच्या लोकलने मुंबईला जातो आणि रात्री उशिरा घरी परततो. त्याच्या वाट्याला येणारी पाच-सहा तासांची झोप हीच त्याची खरी मिळकत, आणि तिच्यावरच हा दरोडा पडतो. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय येथील रुग्णांना तर खिडकी लावून घेण्यापलीकडे कोणताच उपाय नाही.

यावर कायदा नाही, असे मुळीच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२० व्या नियमाने प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर सक्तीचा केला आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि ध्वनिमानके मोडून गाडी चालविणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यासाठी दहा हजारांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद व परवान्यावर तीन महिन्यांची बंदी, अशी तरतूद झाली. जुलै २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने या उपद्रवाची स्वतःहून दखल घेतली होती. तेव्हा शस्त्रागार भरलेले आहे. प्रश्न आहे तो नेम कोठे धरला जातो हा.

तूर्त तो नेम रस्त्यावरच्या चालकावर आहे. ठाण्याच्या पोलीस आयुक्तालयाची हद्द ठाण्यापासून थेट बदलापूरपर्यंत पसरलेली आहे. एवढ्या टापूत रहदारी सांभाळून उरलेल्या वेळात नाकाबंदी व्हावी आणि चार गाड्या अडवाव्यात, इतकेच वाहतूक शाखेच्या हाती राहते. राज्यातील अनेक शहरांत जप्त सायलेन्सरांची रांग लावून त्यांवर रोड रोलर फिरविण्याचे समारंभ झाले. छायाचित्रकारांना ते उपयुक्त असतीलही. परंतु ज्या दुकानातून एक नळी आली तेथून दुसरी आणणे अवघड नसते. 'केवळ शर्यतीच्या मैदानासाठी' अशी चिठ्ठी लावलेला माल भर बाजारपेठेत आणि इंटरनेटवरही विकला जातो. ठाणे-कल्याणात शर्यतीची अशी कोणती मैदाने आहेत, हा प्रश्न त्या विक्रेत्याला कोणी विचारीत नाही.

दुसरा दोष मोजमापाचा. यंत्राविना, केवळ पोलिसाच्या कानाच्या भरवशावर झालेली कारवाई वादग्रस्त ठरते. कारखान्यातून आलेली मोठी गाडीही भरदार आवाज करते. ती अडविली जाते आणि खरा अपराधी चिरीमिरी देऊन सुटतो, अशी शंका लोकांच्या मनात घर करते. कायद्याविषयीचा आदर अशानेच झिजतो.

या तरुणांचे म्हणणेही ऐकून घ्यावयास हवे. मोठ्या आवाजाने मोटारचालक सावध होतात, हा त्यांचा युक्तिवाद टिकणारा नाही, कारण नळीचे तोंड मागे असते आणि धोका बहुधा पुढून येतो. पण त्यांचा दुसरा प्रश्न बिनतोड आहे. डीजेच्या भिंती, राजकीय मिरवणुका आणि कारण नसता वाजणारे हॉर्न चालतात, मग आमच्याच मागे का लागता? ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाचा संबंध नागरिकाच्या मूलभूत हक्काशी जोडला आणि पोलिसांना ध्वनिमापक यंत्रे पुरविण्यास शासनाला बजावले. तो निकाल उत्सवांच्या संदर्भातला होता; त्यामागील तत्त्व मात्र प्रत्येक आवाजाला लागू पडते. निवडणुकीच्या दुचाकी फेरीत अशाच गाड्या पुढे घालणाऱ्या पुढाऱ्यांना नंतर तरुणांना शिस्तीचे धडे देण्याचा अधिकार उरत नाही. कायदा सर्वांना सारखा लागेल तेव्हाच तो या मुलांना न्याय्य वाटेल.

उपाय फार खर्चिक नाहीत. बीएस-चार व बीएस-सहा गाड्यांना दरवर्षी पीयूसी प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या तपासणीत यंत्राची नळी प्रत्यक्ष सायलेन्सरच्याच तोंडात घातली जाते, आणि तो सायलेन्सर मूळचा आहे की बदललेला, हे पाहण्याची जबाबदारी मात्र तपासणाऱ्यावर नाही! ती त्याच्यावर टाकावी. बदललेला आढळल्यास प्रमाणपत्र नाकारावे. ठाणे व कल्याण येथील परिवहन कार्यालयांनी पोलिसांच्या साहाय्याने अशा नळ्या विकणारी दुकाने आणि त्या बसवून देणारी गॅरेजे नियमितपणे तपासावीत. युरोपात पर्यायी सायलेन्सरलाही चाचणी देऊन मान्यतेचा शिक्का मिळवावा लागतो. तसा शिक्का नसलेला माल रस्त्यावरील वाहनासाठी विकता येणार नाही, असा स्पष्ट नियम आपल्याकडेही असावा. आणि प्रत्येक वाहतूक विभागाकडे ध्वनिमापक यंत्र असावे, म्हणजे दंडाच्या पावतीवर पोलिसाच्या मताऐवजी आकडा येईल.

पहिल्याच चुकीला विद्यार्थ्याचे करिअर पणाला लागेल अशी कठोरता आम्हांस अभिप्रेत नाही. मूळ सायलेन्सर बसवून आठ दिवसांत गाडी दाखविण्याची संधी त्याला द्यावी; पुनरावृत्ती झाल्यास मात्र गय करू नये. वेगाची आणि यंत्राची ओढ तारुण्यात असावयाचीच. परंतु एकाच्या हौसेची किंमत हजारो निद्रितांनी चुकती करावयाची, हा सौदा कोणत्याही नगरजीवनात मान्य होऊ शकत नाही. सायलेन्सर हा गाडीच्या मालकाने विकत घेतलेला एक सुटा भाग असला, तरी रात्रीची शांतता ही साऱ्या शहराची सामाईक मालमत्ता आहे. तिचे रक्षण रोड रोलरच्या समारंभाने व्हावयाचे नाही. ते दुकानाच्या दारात आणि पीयूसी केंद्रावर, वर्षाचे बाराही महिने, गाजावाजा न करता करावे लागेल.