दुसरे मत : अविश्वास नव्हे, विवेक

व्यापारी घरात जागेचा सौदा ठरला, तर वकिलाचा सर्च रिपोर्ट हाती आल्यावाचून कोणी विसार देत नाही. विकणाराही त्यात अपमान मानत नाही. परंतु घरातील चाळिशीच्या सूनबाईंना स्त्रीरोगतज्ज्ञांनी ‘पिशवी काढून टाका, पुढे कॅन्सरची भीती नको’ असे सांगितले, की दोन दिवसांत शस्त्रक्रियेची तारीख ठरते. मुले झाली आहेत, मेडिक्लेम आहे, पर्युषणापूर्वी उरकून घेऊ, असा हिशेब होतो. जिच्या देहावर शस्त्र चालणार, तिच्या मनातील शंका मात्र कोणी विचारीत नाही. ती बोललीच, तर ‘डॉक्टरांपेक्षा तुला अधिक कळते का?’ असे उत्तर मिळते.

ही शंका निराधार नसते. पाळीत अतिरिक्त रक्तस्राव होण्यामागे फायब्रॉइडच्या गाठी, संप्रेरकांचे असंतुलन, थायरॉइडचा विकार अशी अनेक कारणे असू शकतात. फायब्रॉइडच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात आणि पाळी थांबल्यावर त्या सहसा आक्रसतात. गोळ्या, गर्भाशयात बसविण्याचे संप्रेरकयुक्त साधन किंवा केवळ गाठ काढणे, हे उपाय अनेकींना पुरेसे ठरतात. गर्भाशयासोबत बीजांडकोशही काढले गेले, तर पाळी अकाली थांबते. हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. हा खर्च रुग्णालयाच्या बिलात दिसत नाही. तो पुढील वीस-पंचवीस वर्षे त्या स्त्रीच्या नावे पडत राहतो.

प्रश्न एका घरापुरता नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचा विषय २०१९ साली गाजला आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत अंगीकारावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला.

संमतीबाबतही कायदा स्पष्ट आहे. दिल्लीतील एक ४४ वर्षांची अविवाहित स्त्री दुर्बिणीच्या तपासणीसाठी दाखल झाली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले. जिवावरचा प्रसंग नसताना सज्ञान, सुबुद्ध रुग्णाच्या वतीने दुसऱ्याने दिलेली संमती ग्राह्य नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. सही पतीची वा सासूबाईंची नव्हे, तिची स्वतःची हवी.

दुसरे मत घेण्याची रीत साधी आहे. सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि अस्तराचा नमुना तपासला असल्यास त्याचा अहवाल, अशी सर्व कागदपत्रे मागून घ्यावीत. वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ती मिळावयास हवीत. दुसरे तज्ज्ञ शक्यतो त्याच रुग्णालयाशी संबंधित नसावेत. त्यांना नेमके विचारावे : निदान काय? शस्त्रक्रियेवाचून कोणते उपाय आहेत? सहा महिने थांबल्यास काय बिघडेल? बीजांडकोश राखता येतील का? दरम्यान हिमोग्लोबिन खालावले असेल, तर उपवासाचा संकल्प डॉक्टरांना सांगूनच करावा.

दुसरे मत म्हणजे दिरंगाईही नव्हे. पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, रक्तस्रावाने चक्कर येणे किंवा तपासणीत कर्करोगाचा संशय येणे, अशा वेळी दुसरे मतही तातडीनेच घ्यावे. दोन्ही तज्ज्ञांनी शस्त्रक्रियाच सुचविली, तर ती स्त्री निःशंक मनाने शस्त्रक्रियागृहात जाते, हाही लाभच.

वस्तूला अनेक बाजू असतात, हे अनेकान्ताचे शिक्षण आपल्या घरांत बालपणापासून मिळते. ते व्याख्यानापुरते न राहता घरातील स्त्रीच्या फाइललाही लागू व्हावे. तिने शंका काढली, तर प्रथम ती ऐकून घ्यावी आणि दुसऱ्या तज्ज्ञांकडे जाताना कोणीतरी तिच्यासोबत जावे.