निवृत्त कामगारांचा विश्वास

पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना १९५४ मध्ये झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढील दोन दशकांत आकुर्डी, चिंचवड, भोसरीच्या माळावर कारखान्यांची रांग लागली. १९७० ची नगरपालिका १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. या काळात, विशेषतः १९७२ च्या दुष्काळानंतर, सातारा, सोलापूर, मराठवाडा, कोकण येथून जे तरुण कामासाठी येथे आले, ते आज सत्तरीच्या पुढे गेले आहेत. कामगारांचे शहर म्हणून ज्याची ओळख, ते आता मोठ्या प्रमाणावर निवृत्त कामगारांचे शहरही झाले आहे. तथापि त्यांच्याशी कसे वागावे, याचा विचार येथील कार्यालयांनी, बँकांनी आणि दवाखान्यांनी पुरेसा केला आहे, असे दिसत नाही.

वृद्धांचा आदर हा आपल्याकडे समारंभाचा विषय झाला आहे. १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन साजरा होतो, शाल-श्रीफळ दिले जाते, भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी तेच गृहस्थ खिडकीपाशी उभे राहिले की कारकून त्यांच्याकडे न पाहता बरोबरच्या मुलाला विचारतो, ‘यांचे काय काम आहे?’ ज्या माणसाने तीस वर्षे शतांश मिलिमीटरच्या मापाने काम केले, त्याला आपले काम सांगता येणार नाही असे गृहीत धरणे, हा खरा अनादर होय. ‘काका’ किंवा ‘आजोबा’ या गोड संबोधनाने तो झाकला जात नाही.

निवृत्तिवेतनाचेच उदाहरण घ्यावे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये ठरली. ती किती तुटपुंजी आहे, हे निराळे सांगावयास नको. पण ती चालू राहण्यासाठीही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ च्या नोव्हेंबरपासून हा दाखला यंत्रावर अंगठा ठेवून देता येऊ लागला. सोय चांगलीच होती; परंतु लेथ, कानस आणि शीतक तेल यांत आयुष्य घालविलेल्या हातांवरील रेषा पुष्कळदा झिजलेल्या असतात. यंत्र अंगठा ओळखत नाही, मागची रांग कुरकुरते आणि ‘आजोबा, हात नीट पुसा’ असे पाचव्यांदा ऐकताना तो वृद्ध ओशाळतो. वास्तविक दोष त्याच्या हाताचा नाही. चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सुरू केली आणि पुढे भविष्यनिर्वाह निधी संघटनेनेही ती स्वीकारली. तिची माहिती खिडकीवरील माणसाने आपण होऊन दिली, तर त्या वृद्धाची पाच मिनिटे वाचतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हा माणूस आपल्या बाजूचा आहे, असे त्याला वाटेल.

अविश्वासाचे आणखी एक कारण आपणच निर्माण केले आहे. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका, असे बँका आणि पोलीस एकसारखे बजावीत असतात. फसवणुकीचे प्रकार पाहता ते योग्यच आहे. मग त्याच वृद्धाला सरकारी कामाच्या खिडकीवर ‘ओटीपी सांगा लवकर’ असे दरडावले जाते. तो घुटमळला, की त्याला हेकट ठरविले जाते. किंबहुना तो सांगितल्याप्रमाणेच वागत असतो! हा आकडा कशासाठी हवा, तो कोठे भरला जाणार, हे आधी सांगून पडदा त्याच्याकडे वळवावा. एवढ्याने संशय पुष्कळ कमी होतो.

येथे ऐकण्याचीही एक गोष्ट आहे. प्रेस शॉपच्या गोंगाटात उमेद गेलेल्या अनेकांना कमी ऐकू येते. गोंगाटामुळे येणारे बहिरेपण कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत नोंद करावयाच्या आजारांत समाविष्ट होते. हे कामगार मोठ्याने बोलतात, ते रागाने नव्हे. उत्तरादाखल ओरडण्यापेक्षा समोर येऊन सावकाश बोलावे, म्हणजे ओठांच्या हालचालींवरूनही त्यांना शब्द कळतो.

चाकण आणि खेड भागात प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे. तेथील वृद्ध शेतकऱ्याजवळ उरलेल्या जमिनीला आता मोठी किंमत आली आहे आणि ती आपल्या नावे व्हावी, अशी घाई पुष्कळ घरांत असते. ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायदा, २००७ च्या २३ व्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट न पाळल्यास परत मागता येते. परंतु अशी अट होती हे सिद्ध झाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ च्या निकालात मात्र न्यायालयाने वृद्धांच्या हिताचा उदार अर्थ लावला. तेव्हा बक्षीसपत्र लिहिणाऱ्याने मुलांना क्षणभर बाहेर बसवून म्हाताऱ्याला एकट्याला विचारावे की, हे समजून देत आहात ना, आणि अट लिहायची का? मुलगा रागावेल, रागावू द्यावा. नंतर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे बापलेकांनी उभे राहण्यापेक्षा ते बरे.

महापालिकेने जागोजागी विरंगुळा केंद्रे बांधली आहेत. पत्ते आणि वर्तमानपत्र यांखेरीज तेथे फारसे काही होत नसले, तरी या कामाला ती सोयीची आहेत. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, एकच कर्मचारी वर्षभर तेथे बसला तर पुष्कळ साधेल. दर वेळी नवा चेहरा आणि नवा कागद यांमुळे वृद्ध बिचकतो. ओळखीच्या माणसाला तो चूकही बोलून दाखवितो. १९९५ च्या योजनेतील निवृत्तांना दाखला वर्षातून केव्हाही देता येतो आणि दिलेल्या तारखेपासून तो वर्षभर चालतो, हेही अशा माणसाने एकदा सांगावे. अनेक जण अजूनही नोव्हेंबरच्याच रांगेत उभे राहतात, कारण सरकारी निवृत्तांचा महिना तो आपलाही, असा त्यांचा समज आहे आणि तो दूर करण्याची तसदी कोणी घेतलेली नाही.