हौदा उतरविला, त्या दिवशीं

पेन्शनींत निघालेल्या मास्तराला गांवचे लोक बहुधा दोनच कामांकरितां बोलावितात. एक अर्ज लिहावयाला आणि दुसरें घरांतील तंटा तोडावयाला. गेल्या माघांत मला आष्टीहून बोलावणें आलें तें निराळ्याच कामाचें होतें. माझा एक जुना विद्यार्थी दारीं येऊन म्हणाला, "गुरुजी, आजोबांचा ट्रक खोलावयास घेतला आहे. सोमवारीं हौदा उतरवितों. आपण यावें अशी आजीची इच्छा आहे." यंत्राचें व माझें सख्य कधींच नव्हतें, पण आजीचें नांव निघाल्यावर 'नाहीं' म्हणवेना.

या ट्रकाची थोडी ओळख करून दिली पाहिजे. जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यांतील ही आष्टी. १९६५ सालीं या घरच्या कर्त्या पुरुषानें परतूर स्टेशनावर माल पोंचविण्याकरितां एक टाटा-मर्सिडीज घेतली, आणि तिच्यासाठीं पत्नीच्या पाटल्या मोडल्या. जमशेदपूरच्या टाटांनीं १९५४ सालीं जर्मनींतील डाइम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें ट्रक बांधावयास आरंभ केला. १९६९ सालीं तें सहकार्य संपलें. त्यापूर्वींच्या गाड्यांच्या नाकावर तीन टोकांची चांदणी असे; ती या गाडीवर अजून आहे. १९७२ च्या दुष्काळांत हिच्यांतूनच आमच्या शाळेला सुकडीचीं पोतीं येत, आणि त्या पोत्यांवर बसून मी परतूरपासून गांवापर्यंत आलेला आहें. तेव्हां सख्य नव्हतें म्हणालों तें अगदींच खरें नव्हे.

पुढें ट्रक थकला व निंबाखालीं उभा राहिला. जुन्या लोखंडाला जालन्यांत गिऱ्हाईक कधींच कमी नसतें. तेथें भंगार वितळवून सळया करणारे कारखाने पुष्कळ आहेत. घरांत तंटा तो हाच. चुलते म्हणत, विकून टाका. पुतण्या म्हणे, पूर्ववत् करूं. चुलत्यांच्या बोलण्यांत लोभ होता असें मात्र कोणीं समजूं नये. अकरा वर्षें त्यांनीं स्वतः ही गाडी हांकली आणि पाठीचें कायमचें दुखणें पदरांत घेतलें. "तुम्ही सर्वांनीं तो पाहिला आहे, मास्तर, मीं तो चालविला आहे," असें ते मला म्हणाले, तेव्हां मजपाशीं उत्तर नव्हतें. अखेरीस तडजोड निघाली कीं, चासी व एंजिन ठेवावें. कुजका लांकडी हौदा जळणाला जावा, व वर नवा पत्र्याचा हौदा बसवावा.

हौदा चासीला बोल्टांनीं आरपार ठोकलेला असेल, अशी माझी समजूत होती. मिस्त्रीनें ती दूर केली. चासी म्हणजे दोन लांब लोखंडी तुळया, आणि त्यांना शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें जोडणारे आडवे दांडे. सारें रिबिटांनीं सांधलेलें. एक चाक खड्ड्यांत गेलें कीं ही शिडी किंचित् पिळवटते, आणि तिनें पिळवटावें अशीच तिची योजना असते. तिच्यावर हौदा ताठ जखडला तर दोहोंपैकीं एक तुटावयाचें. म्हणून लोखंडावर प्रथम लांकडाची लांब पट्टी, तिच्यावर हौद्याच्या तुळया, आणि त्या सर्वांना मिळून कवटाळणारे यू-बोल्ट. चासीच्या तुळईच्या कांठाला शक्य तों भोंक पाडावयाचें नाहीं. तडा जातो तो तेथूनच. बांधून ठेवावें, पण हलावयास जागा ठेवावी, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांना मीं अधिक काय सांगावें?

सोमवारच्या आधीं आठ दिवस बोल्टांवर डिझेल मुरत ठेविलें होतें. बॅटरी काढली. टाकी रिकामी करून दूर नेली, कारण हट्टी नटांना शेवटीं गॅसची ज्योत दाखवावी लागते. केबिनीच्या दारांच्या चौकटींत लोखंडी दांडे आडवे जोडून घेतले. तिची पाळी पुढें यावयाची होती, आणि गंजलेली केबिन उचलतांना फाकली तर मग दारें जन्मांत लागत नाहींत. माझ्या वांट्याला माझेंच काम आलें. निघालेला प्रत्येक बोल्ट डब्यांत, आणि डब्यावर चिठ्ठी: 'उजवा, मागून तिसरा', 'डावा, फाळक्याजवळचा'. पस्तीस वर्षें पेपर तपासल्याचा असा उपयोग होईल हें मला ठाऊक नव्हतें.

हौदा आकाशांत उचलला जाईल, अशी मुलांची कल्पना होती. तसें कांहीं झालें नाहीं. चारी कोपऱ्यांना जॅक लावले. चार बोटें उचलावें, खालीं ठोकळे सारावे, पुन्हां चार बोटें. ठोकळे बसेपर्यंत कोणीं हात आंत घालावयाचा नाहीं. दोन तासांनीं हौदा मजबूत घोड्यांवर अधांतरीं राहिला, आणि मग दहा जणांनीं ट्रकच त्याच्याखालून पुढें ढकलून काढला. हौदा जागच्या जागीं, आणि गाडी निघून गेलेली! राजा मिलिंदाला नागसेनानें विचारलें होतें कीं, तुझा रथ म्हणजे नेमकें काय; चाकें, आंस, कीं दांडी? पाली ग्रंथांतील तो प्रश्न मला त्या अंगणांत प्रथमच शब्दांचा खेळ वाटला नाहीं.

कायद्याला असा प्रश्न पडत नाहीं. चासीच्या लोखंडावर ठोकलेला अंक तीच गाडी. हौदा तिच्या अंगावरचा सदरा. जुन्या मोटारींसाठीं केंद्र सरकारनें २०२१ सालीं खास नियम केले, ते पन्नास वर्षांवरील दुचाकींना आणि माणसें वाहणाऱ्या मोटारींना. धान्य वाहणाऱ्या ट्रकाला त्यांत जागा नाहीं. याच्या मूळच्या कागदांत तर जिल्हा परभणी आहे, कारण परतूर तालुका जालना जिल्ह्यांत आला तो १९८१ सालीं. आष्टी मात्र होती तेथेंच आहे.

चासी उघडी पडल्यावर मिस्त्रीनें कोनाकोनीं दोऱ्या ताणल्या. दोन कर्णांत अंतर निघालें दोन सुतांचें. साठ वर्षांच्या गाडीला हें कांहींच नव्हे, असें तो म्हणाला, आणि त्यानें चासीवर हात फिरविला. चुलते खुर्चीवरून हें पाहत होते. बोलले कांहीं नाहींत.

मग हौद्याच्या खालच्या बाजूला कंदील धरला, तों प्रत्येक सांध्यावर पटाशीच्या खुणा दिसल्या. एका जोडावर एक खांच, दुसऱ्यावर दोन, असे अकरा जोड. त्या काळीं कारखान्यांतून चासी बोडकी येई, हौदा ज्याचा त्यानें बांधून घ्यावयाचा. गांवच्या सुतारानें तो येथेंच अंगणांत बांधला होता, आणि कधीं काळीं कोणाला खोलावा लागला तर जोड चुकूं नयेत म्हणून खुणा करून ठेविल्या होत्या. माझ्या चिठ्ठ्या त्यापुढें अगदींच पोरकट वाटल्या. जमशेदपूरची चासी मूळची, म्हणून जपावयाची, आणि हा हौदा जळणाला! मूळ म्हणजे काय याचा निर्णय आम्हीं फार घाईनें केला होता, असें मीं स्पष्ट सांगितलें. फळ्यांची तळी कुजली होती, पण तुळया सागाच्या. आंत पहार रुतेना.

आजी भिंतीला धरून बाहेर आल्या. वय नव्वदीच्या पुढें. त्यांनीं त्या खांचा बोटांनीं चांचपल्या व विचारलें, "याचा कोणी आहे का रे अजून?" सुताराचा नातू परतूरला फर्निचर करतो, असें कोणी तरी म्हणालें. "मग त्याला बोलवा. आजाचा हात आहे, त्यानें पाहूं दे." इतकें बोलून त्या आंत गेल्या.

पत्र्याच्या हौद्यासाठीं दिलेला इसारा परत मिळाला नाहीं, त्याबद्दल घरांत दोन दिवस धुसफूस झाली. तुळया आतां ओसरीवर खांचांच्या क्रमानें रचून ठेविल्या आहेत. परवां चुलत्यांचा मला फोन आला. तळाच्या फळ्यांना बाभूळ चालेल का, आणि चांगली वाळलेली कोठें मिळेल, असें ते विचारीत होते.