‘नॅन’ नांवाचा मूळपुरुष

घराण्याची वंशावळ संगणकावर काढण्याची हौस हल्लीं पुष्कळ घरांतील तरुण मंडळींस लागली आहे, आणि ती आम्हांस स्तुत्य वाटते. जुन्या कुलवृत्तांतांचीं पानें घडीवर फाटत चाललीं. कोणीतरी हें काम पुन्हां हातीं घ्यावयास हवेंच होतें. त्यासाठीं बहुधा ‘पायथन’ या संगणकभाषेंतून ‘ग्राफ्विझ’ला माहिती पुरवितात. अमेरिकेंतील एटी अँड टी कंपनीच्या संशोधनशाळेंत तयार झालेलें हें साधन नुसतीं नातीं सांगितलीं कीं पिढ्यांच्या ओळी स्वतः लावतें व रेघा एकमेकींस कमी छेदतील अशी मांडणी करितें. त्यामागील रीतीचा मुख्य निबंध १९९३ सालीं प्रसिद्ध झाला.

यादींत प्रत्येकास एक क्रमांक द्यावयाचा व शेजारीं वडिलांचा क्रमांक लिहावयाचा, हा सोयीचा प्रघात. परंतु हा क्रमांक चौकटीस देतांच काम अडतें व ‘टाइप एरर’ येते: अक्षरें हवीं होतीं, अंक मिळाला! तक्रारींत शेवटीं निर्देश असतो तो ग्राफ्विझच्याच फाईलचा. त्यामुळें साधनच बिघडलें असा ग्रह होतो. वस्तुतः तें बिचारें प्रत्येक पाटी लिहिण्यापूर्वीं तींतील अक्षरें तपासीत असतें. आपल्या डोळ्यांस बारा तो बाराच. पायथनच्या लेखीं मात्र मोजावयाचा बारा निराळा आणि वाचावयाचा बारा निराळा.

यावर सर्रास केला जाणारा तोडगा म्हणजे ‘स्ट्र’ लावून सरसकट सर्वांचीं अक्षरें करणें. तक्रार थांबते, चित्र उमटतें, आणि खरा अनर्थ येथेंच होतो. यादी वाचणाऱ्या ‘पांडाज’ची रीत अशी कीं, अंकांच्या रकान्यांत एखादें घर रिकामें असलें तर सारा रकाना दशांशाचा होतो. आजोबांचा स्वतःचा क्रमांक १२ राहतो. मुलांच्या वडिलांच्या रकान्यांत मात्र तोच १२.० होतो. अक्षरें केल्यावर ह्या दोन व्यक्ति झाल्या! आजोबा कोपऱ्यांत निःसंतान उभे, आणि त्यांचीं मुलें ‘१२.०’ नामक कोणा अनोळखी गृहस्थाच्या पदरीं.

रिकाम्या घरांची कथा याहून विलक्षण. तेथें पांडाज ‘नॅन’, म्हणजे अंक नव्हे, अशी खूण ठेवितो. तिचीं अक्षरें केलीं कीं तिचें नांव होतें. ज्या सुनांचे वडील यादींत नाहींत त्या सर्वांचा पिता नॅन. मूळपुरुषाचाही पिता नॅन, त्याच्या पत्नीचाही तोच. सासू-सुना सख्ख्या बहिणी आणि पति-पत्नी भावंडें! लहान वंशावळींत हें पाहून घरचीं माणसें हंसतील. पांचशें चौकटींत मात्र तें नजरेंतून निसटतें, छापून नातेवाइकांत वाटलें जातें, आणि पुढील पिढी तोच कागद पुरावा म्हणून पुढें करिते.

म्हणून औषध आरंभींच द्यावें. यादी वाचतांनाच क्रमांकांचे दोन्ही रकाने अक्षररूपानें वाचावयास सांगावें; मग १२ हा १२ च राहतो. इतकें करूनही रिकाम्या घरांत नॅन उरतोच, तेव्हां रेघ काढण्यापूर्वीं घर रिकामें आहे काय हें विचारावें व असल्यास रेघ काढूं नये. ओळख म्हणून नांव वापरावें असेंही कोणास सुचेल. तसें मुळींच करूं नये. नातवास आजोबांचें नांव ठेवण्याची आपली चाल असल्यामुळें दोन गोविंद एकाच चौकटींत जाऊन बसतील. ओळख क्रमांकाची असावी, पाटीवर नांव असावें. आणि छापण्यापूर्वीं चौकटी मोजाव्या: यादींत चौऱ्यांशीं माणसें असतील तर चित्रांतही चौऱ्यांशींच भरलीं पाहिजेत. पंचायशीवा कोणी निघाला, तर प्रथम नॅनचा शोध घ्यावा.