घरात कुणी डोळस असेल ना?

घरात प्रिंटर एक, कॉम्प्युटर दोन, मोबाइल तीन. सगळ्यांना तो जोडायचा, एवढंच काम. मी अंध आहे; कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरतो, मोबाइलवर टॉकबॅक. प्रिंटर कंपनीचं अ‍ॅप उघडलं, तर टॉकबॅक म्हणतो, "बटन, बटन, बटन." कशाचं, ते लिहिण्याचे कष्ट कुणी घेतलेले नाहीत. पुढे प्रिंटरच्या पडद्यावर उमटलेला आकडा टाका म्हणे! पडदा सपाट, मुका. माझ्या बँकेचा खासगी कागद छापायला मुलगी शाळेतून येईपर्यंत थांबायचं?

शेवटी वायफायचा नाद सोडला आणि प्रिंटर लॅन केबलने राउटरला जोडला. विंडोजला सापडला, मोबाइलच्या छपाईच्या यादीतही आला. अ‍ॅप लागलंच नाही! मग ते सक्तीचं असल्यासारखं पुढे का करता? आणि स्वस्त प्रिंटरला बहुधा लॅनचा पोर्टच नसतो. तो घेणाऱ्या अंधाने काय करायचं?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंना सरकारने उत्तेजन द्यावं, असं त्याचं कलम ४३ सांगतं. दुकानदार मात्र विचारतो, "घरात कुणी डोळस असेल ना?"

आहे की. पण प्रिंटरचे पैसे मी मोजलेत.