मेहर ठरला, पण कोणता?

आमच्या नात्यातल्या एका घरात निकाहनंतर तीन महिन्यांतच दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचा अबोला झाला. कारण होता मेहर. रक्कम ठरलेली होती ५० हजार आणि निकाहनाम्यात देवनागरीत लिहिले होते, 'मेहर मुअज्जल'. मुलीचे अब्बा म्हणत, "म्हणजे मागितला की लगेच द्यायचा." मुलाचे चाचा म्हणत, "म्हणजे पुढे कधीतरी द्यायचा. आमच्या घरात सर्वांचे असेच आहे." एकमेकांच्या नियतीवर शंका घेण्यापर्यंत मजल गेली. खरे तर खोटे कोणीच बोलत नव्हते.

अरबीत हे दोन वेगवेगळे शब्द आहेत. एकात 'ऐन' हे अक्षर आहे आणि त्याच्या मुळाशी घाई, त्वरा हा अर्थ आहे. हा मेहर पत्नीने मागताच देणे लागतो. दुसऱ्यात 'हमजा' आहे आणि त्याचे मूळ 'अजल', म्हणजे मुदत. हा मेहर ठरलेल्या मुदतीला द्यायचा. मुदत ठरवलेली नसेल तर तलाक किंवा मृत्यूच्या वेळी तो देय होतो. उर्दू लिपीत फरक डोळ्यांना दिसतो, पण आपल्या जिभेवर ऐन आणि हमजा सारखेच उच्चारले जातात. देवनागरीत तर दोन्ही 'मुअज्जल'च! काही जण दुसऱ्याला 'मुवज्जल' लिहितात, पण वाचणाऱ्याला तो फरक ठाऊक हवा ना?

'शरई मेहर' या शब्दाचेही तसेच. कोणी त्याचा अर्थ हनफी फिकहमधील किमान मेहर, म्हणजे १० दिरहम, सुमारे ३०.६ ग्रॅम चांदी असा घेतो. कोणाच्या मनात मेहर-ए-फातमी असतो. तो सर्वसाधारणपणे ५०० दिरहम, म्हणजे सुमारे १५३१ ग्रॅम चांदी धरतात. शब्द एकच, पण फरक पन्नास पटींचा.

त्या घरातला वाद मिटवायला आम्ही बसलो, तेव्हा मुलीच्या नानीने नातीलाच विचारले, "बेटी, तुला काय वाटले होते?" ती हळूच म्हणाली, "मला वाटले, मेहर म्हणजे निकाहात फक्त म्हणायची रक्कम. नंतर माफ करायची असते." खोलीत सगळे गप्प झाले. ज्या रकमेवरून दोन घरे भांडत होती, ती जिची होती तिला आजवर कोणी काही विचारलेच नव्हते.

सूरह निसाच्या चौथ्या आयतीत पत्नींचे मेहर खुशीने देण्याचा हुकूम आहे. त्यांनी आपल्या मर्जीने त्यातले काही सोडले, तरच ते पतीने घ्यावे. मेहर पतीवरचे कर्ज आहे. तो न देताच पतीचा मृत्यू झाला, तर वारसांत वाटणी होण्याआधी इतर कर्जांसारखा तोही मालमत्तेतून फेडावा लागतो. आणि मुदतीचे कर्ज लिहून ठेवा, असे सूरह बकराच्या २८२व्या आयतीत सांगितले आहे. ही कुरआनातील सर्वांत मोठी आयत. लेनदेन स्पष्ट असावी, याला किती महत्त्व आहे ते यावरून समजावे.

म्हणून भाऊ-बहिणींनो, घरात निकाह ठरला की अवघड शब्दापुढे साध्या मराठीत दोन ओळी लिहून घ्या: आज किती दिले, आणि उरलेले कोणत्या तारखेपर्यंत देणार. चांदीत ठरला असेल तर वजन लिहा. मग मुलीला तो कागद वाचून दाखवा आणि "समजले का?" असे न विचारता "काय समजले?" असे विचारा. पहिल्या प्रश्नाला लाजेने मान हलते. दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते.

त्या दिवशी मुलाने स्वतःच २५ हजार रुपये पत्नीच्या हाती दिले आणि उरलेल्या रकमेची तारीख लिहून सही केली. 'मुअज्जल'चा खरा अर्थ कोणता, हा वाद मात्र अब्बा आणि चाचांमध्ये अजून चालू आहे. पण आता तो चहा पिता पिता चालतो.