संगणकाने मोजले, संगणकाला कोणी मोजले?



अकरावीच्या प्रात्यक्षिकाच्या वर्गात घडलेला एक छोटा प्रसंग सांगतो. स्क्रूगेजने तांब्याच्या तारेचा व्यास मोजायचा होता. या साधनाने मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजता येतो. बाकीच्या मुलांनी पाच-पाच नोंदी घेऊन सरासरी काढली. एका उत्साही मुलाने मात्र पन्नास नोंदी घेतल्या. त्या एकमेकींशी छान जुळत होत्या आणि सरासरी आली होती ०.४९ मिलिमीटर. मी त्याला म्हटले, "आता तार काढून घे, स्क्रू पूर्ण मिटव आणि काय दिसते ते वाच." जबड्यात काहीही नसताना ते साधन ०.०३ मिलिमीटर दाखवीत होते! म्हणजे तारेचा खरा व्यास ०.४६ मिलिमीटर होता आणि त्याच्या पन्नासही नोंदी एकाच दिशेने चुकल्या होत्या.

याला आपण शून्यदोष म्हणतो. मोजताना हात हलला, नजर तिरपी झाली, तर चूक कधी अधिक होते, कधी उणी. भरपूर नोंदी घेतल्या की अशा चुका एकमेकींना खोडून काढतात. शून्यदोषाचे तसे नाही. तो नेहमी एकाच बाजूला झुकतो. पन्नास काय, पन्नास हजार नोंदी घेतल्या तरी तो तसूभरही कमी होत नाही. उलट सगळ्या नोंदी एकमुखाने बोलू लागल्यामुळे आपला चुकीच्या उत्तरावरचा विश्वास मात्र वाढतो.

हे आज सांगण्याचे कारण असे, की जगातील अनेक शहरांचा कारभार आता संगणकाच्या सल्ल्याने चालू लागला आहे. कोणता रस्ता आधी दुरुस्त करायचा, कोणाच्या अर्जाची कसून तपासणी करायची, हे ठरविण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग होतो. या पद्धतीत संगणकाला सगळे नियम लिहून दिलेले नसतात. त्याला हजारो जुनी उदाहरणे देतात आणि त्यांतून तो स्वतःच काही ठरावीक नमुने शोधून काढतो. ही उदाहरणे म्हणजे त्या संगणकाच्या नोंदीच की! मग आपण प्रयोगशाळेत विचारतो तोच प्रश्न इथेही विचारायला हवा. या नोंदींत शून्यदोष किती?

आधी एक चांगले उदाहरण पाहू. अमेरिकेतील बोस्टन शहराने २०१२ साली मोबाइल फोनसाठी 'स्ट्रीट बम्प' नावाचे ॲप आणले. फोनमध्ये त्वरण मोजणारी एक चिमुकली चकती असते. तिच्यात सिलिकॉनचे अतिशय हलके वस्तुमान लवचीक पट्ट्यांवर तोललेले असते. गाडीला हादरा बसला की ते सरकते, विद्युतधारकता बदलते आणि हादऱ्याची नोंद होते. आपण फोन आडवा धरला की पडद्यावरचे चित्र आडवे होते, तेही याच चकतीमुळे. बोस्टनमध्ये फोन गाडीत ठेवून नागरिक फिरत आणि खड्ड्यांची नोंद आपोआप शहराकडे जाई.

यात अडचण कोणती? जरा थांबून स्वतःच विचार करा.

त्या काळी असे फोन सर्वांकडे नव्हते. गरीब वस्तीत आणि वृद्धांकडे ते कमी होते. म्हणजे ज्या वस्तीत फोन अधिक, तिथले खड्डे अधिक 'दिसणार' आणि गरीब वस्तीतला रस्ता उखडलेला असूनही संगणकाला गुळगुळीत वाटणार. बोस्टनच्या अधिकाऱ्यांनी हा धोका आधीच ओळखला. त्यांनी हे ॲप प्रथम शहराच्या रस्ते-निरीक्षकांना दिले, कारण ते सर्व भागांत सारखेच फिरत. नागरिकांकडून येणाऱ्या नोंदी त्यांना पूरक ठरल्या. साधन वापरण्यापूर्वी शून्य तपासणे म्हणतात ते हेच.

आता दुसरे उदाहरण. खड्ड्याची नोंद चुकली तर गाडीला धक्का बसेल. इथे मात्र प्रश्न माणसांच्या पोटाचा होता. नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहर सुमारे ३०,००० गरजू लोकांना दरमहा निर्वाहासाठी मदत देते. त्यांत गैरप्रकार करणारे कोण, हे शोधण्यासाठी शहराने २०१७ ते २०२१ या काळात एक संगणकीय प्रणाली वापरली. आधी झालेल्या १२,७०७ तपासण्यांच्या नोंदींवरून तिला शिकविले होते. प्रत्येक माणसाबद्दलच्या ३१५ बाबी ती विचारात घेई. वय, स्त्री की पुरुष, डच भाषा किती येते, एवढेच नव्हे, तर कर्मचाऱ्यांनी आपापल्या मताने मारलेले शेरेसुद्धा! प्रश्नोत्तरांच्या ५०० 'निर्णयवृक्षां'तून हे सारे खाली घसरत येई आणि शेवटी ० ते १ यांच्या दरम्यानचा एक अंक निघे. अंक मोठा असेल तर त्या माणसाच्या घरी चौकशी येण्याचा संभव अधिक.

२०२१ साली शहराच्याच लेखापरीक्षण संस्थेने इशारा दिला, की या प्रणालीचे निकाल पक्षपाती ठरू शकतात. नागरिकत्व विचारले नाही तरी 'भाषा कितपत येते' या प्रश्नातून ते मागच्या दाराने आत येते. त्याच वर्षी शहराने प्रणालीचा वापर थांबविला. पुढे काही पत्रकारांनी ती मागून घेऊन तपासली आणि २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्त्रियांना, मुले असलेल्यांना आणि डच भाषा नीट न येणाऱ्यांना ती अधिक संशयास्पद ठरवीत होती. कल्पना करा, परक्या देशात आलेली एखादी आई मुलांना घेऊन राहते आहे. तिने काहीही खोटे केलेले नाही. तरीही चौकशीच्या यादीत तिचे नाव वर सरकते आणि का सरकले, हे तिला कळायला मार्ग नाही.

१२,७०७ हा आकडा लहान नव्हे. पण जुन्या तपासण्यांत ज्यांच्याकडे आधीपासूनच संशयाने पाहिले गेले असेल, त्यांच्याच चुका अधिक सापडणार. ज्यांच्याकडे कोणी पाहिलेच नाही, त्यांच्या चुका नोंदींत येणारच नाहीत. संगणक हा झुकाव इमानेइतबारे शिकतो. पन्नास नोंदी घेणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याप्रमाणेच!

आता तुम्ही म्हणाल, "सर, माणसे तरी कुठे निःपक्षपाती असतात? कचेरीतला कारकूनही तोंड पाहून टिळा लावतोच ना?" प्रश्न अगदी रास्त आहे. शिवाय यंत्राच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगता येईल. कारकुनाच्या मनात काय आहे, हे आपल्याला उघडून पाहता येत नाही. यंत्र मात्र हजारदा चालवून तपासता येते. रॉटरडॅमचा दोष आपल्याला कळला, तो त्या शहराने आपली प्रणाली तपासायला दिली म्हणूनच. त्याबद्दल त्याला श्रेय द्यायला हवे. परंतु एका कारकुनाचा पक्षपात एका टेबलापुरता असतो, यंत्राचा एकाच वेळी सगळ्या शहराला लागू होतो. ते कुलूपबंद ठेवले, तर तपासता येण्याचा त्याचा एकमेव मोठा गुणही वाया जातो.

दोष सापडला की दुरुस्त केला, इतके हे सोपेही नाही. ॲम्स्टरडॅम शहराने अशाच कामासाठी मोठ्या काळजीने एक प्रणाली तयार केली. स्थलांतरितांविरुद्धचा झुकाव चाचणीत आढळला, तेव्हा शिकवणीच्या नोंदींचे भार बदलून तो काढला. २०२३ साली प्रत्यक्ष अर्जांवर ती चालवून पाहिली, तेव्हा झुकाव पुन्हा उद्भवला, तोही उलट बाजूने! या वेळी डच नागरिक आणि स्त्रिया यांच्यावर नाहक संशय अधिक येऊ लागला. शहराने तो प्रयोग बंद केला. एवढे श्रम आणि पैसा खर्च झाल्यावर "हे जमत नाही" असे कबूल करणे, याला मी वैज्ञानिक वृत्ती म्हणतो.

माझे मत स्पष्टच सांगतो. शहरांनी ही साधने जरूर वापरावीत. खड्डे, गळक्या जलवाहिन्या, वाहतुकीची कोंडी शोधायला ती फार उपयोगी आहेत. पण माणसांना अंक द्यायचे असतील, तर तीन अटी पाळल्याच पाहिजेत. पहिली, वापरण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक मुदतीने त्रयस्थाकडून तपासणी व्हावी. दुसरी, शहर कोणकोणत्या प्रणाली कशासाठी वापरते, याची नोंदवही सर्वांना पाहता यावी. ॲम्स्टरडॅम आणि हेलसिंकी या शहरांनी सप्टेंबर २०२० मध्ये अशा नोंदवह्या खुल्या केल्या. तिसरी, ज्याच्याविरुद्ध निर्णय गेला, त्याला "का?" असे विचारता यावे आणि त्याचे उत्तर नाव-हुद्दा असलेल्या माणसाने द्यावे. "संगणकाने सांगितले" हे उत्तर चालणार नाही. या अटी पाळणे जमत नसेल, तर त्या कामासाठी यंत्र वापरू नये.

या अटी तुम्हांला जाचक वाटतात का? मग कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात जाऊन बघा. त्याच्या वजनांवर आणि तराजूवर शासनाच्या वैधमापन खात्याचा शिक्का असतो आणि ठरावीक मुदतीने तो पुन्हा करून घ्यावा लागतो. पाव किलो साखर तोलणाऱ्या तराजूची आपण इतकी काळजी घेतो. माणसाचा प्रामाणिकपणा तोलणाऱ्या तराजूवर शिक्का नको?

शेवटी एक घरचा अभ्यास देतो. आपल्या गावातील किंवा वॉर्डातील एका आठवड्याच्या तक्रारी गोळा करा. पाणी, कचरा, दिवे, काहीही चालेल. त्या कोणत्या गल्लीतून आल्या ते नकाशावर मांडा. मग ज्या गल्लीतून एकही तक्रार आली नाही, तिथे स्वतः जाऊन या. तिथे खरोखरच सारे ठीक आहे, की तक्रार करायला कोणाकडे वेळ, फोन किंवा धीर नाही? जे आढळेल ते वहीत लिहा आणि वर्गात शिक्षकांसमोर मांडा. उद्या तुमच्यापैकी कोणी शहरासाठी संगणक शिकवायला बसेल, तेव्हा त्या रिकाम्या गल्लीची आठवण त्याच्या उपयोगी पडेल.